चालवणाऱ्याचं नाव शेवटी

भटू नानांच्या खिशात रुमाल कधीच नसायचा. घाम आला की ते शर्टाच्या बाहीला पुसायचे, कारण दोन्ही खिसे आधीच भरलेले असायचे. डाव्या खिशात वॉशर, स्क्रू, एखादी वाकलेली स्प्रिंग; उजव्यात तंबाखूची डबी, आणि पुढे पुढे त्या डबीतही तंबाखू कमी नि छर्रे जास्त. गिरणीच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या वेळी ते हे सगळं टेबलावर ओतून काहीतरी शोधायला लागायचे, आणि आम्ही आपापले कप उचलून हातात धरायचो. कुणी बोललं तर म्हणायचे, "तुम्हना चहा पोटमा जास, मना वॉशर मशीनमा जास. कोनता कामना?"

धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत मी टाइम ऑफिसला होते आणि नाना मेंटेनन्सला. ते मूळचे सोनगीरचे, राहायला धुळ्यात, देवपूरला, आमच्याच गल्लीत. मला ताई म्हणायचे, म्हणून त्यांची मुलगी मला आत्या म्हणायची. नाना तापट होते, बढाईखोर होते आणि समोरच्याचं ऐकून न घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला ते देवमाणूस वाटतील. देवमाणूस नव्हते ते. पण जे त्यांच्या वाट्याला आलं ते कुणाच्याच वाट्याला यायला नको होतं. इतकी वर्षं देवाला हात जोडत आले मी, पण या एका गोष्टीबद्दल माझा त्याच्यावर राग आहे आणि तो जायचा नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत नानांचा एक नियम होता: "एक मशीनमा, एक कपाटमा, एक वाटवर." म्हणजे चालू भाग यंत्रात, त्याचा जोडीदार कपाटात आणि तिसरा मागवलेला. गिरणीत हे ठीक होतं. पण नाना घरीही तसेच वागायचे. मिक्सरची भांडी तीन, कुकरच्या शिट्ट्या तीन, पंख्याचे कपॅसिटर तीन. त्यांच्या बायकोने, कमलवहिनींनी, एकदा मला स्वयंपाकघरातली फळी दाखवली. बिस्किटांचे पत्र्याचे डबे ओळीने लावलेले, आणि एकातही खायचं काही नाही. "पाहुनं ऊनं का मी कोनता डबा उघडू तेच समजत नही," वहिनी म्हणाल्या. हसत होत्या तेव्हा.

दुसरा नियम मात्र खरा त्यांचा. आमच्याकडे सूत कातायच्या मशीनवर, रिंग फ्रेमवर, शकिलाबी म्हणून एक बाई होती. नवरा वेल्डिंगच्या दुकानात रोजंदारीवर, घरात सासू आजारी, हिच्या पगारावर चूल. तिच्या मशीनवर सारखं सूत तुटायला लागलं. सुपरवायझरने तीनदा लिहून दिलं की बाईचं लक्ष नसतं. तिला काढून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. नाना त्या मशीनसमोर लोखंडी स्टूल टाकून बसले. एक भाग बदलायचे, मशीन चालवून बघायचे, पटलं नाही की जुना भाग परत बसवायचे आणि पुढचा काढायचे. दोन भाग एकदम कधीच बदलायचे नाहीत. "दोन बदलात का खोट कोन्हामा व्हती ते कसं समजी?" असं त्यांचं म्हणणं. सुपरवायझर येऊन जाऊन टोमणे मारत होता. पाळी संपता संपता नानांना सूत ओढणाऱ्या एका रुळावर केसाएवढी चीर सापडली. तो रूळ हातात घेऊन ते थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि काचेच्या टेबलावर दाणकन ठेवला. काच तडकली. शकिलाबीची नोकरी राहिली, काचेबद्दल नानांना मेमो मिळाला.

त्या दिवशी ते मला म्हणाले, "ताई, मशीन बोलत नही म्हनीसन लोकं मानूसनं नाव पहिले घेतस. हाई पाप शे. बठ्ठा भाग तपासा, मंग मानूस. चालवनारनं नाव शेवटले." आधी सगळे भाग, मग माणूस. मला ते फार पटलं होतं. आजही मला ते चूक म्हणवत नाही, आणि हेच मला छळतं.

मयुरी त्यांची एकुलती एक. बारीक अंगाची, कमी बोलणारी, बापाच्या अगदी उलट. गल्लीपलीकडच्या शाळेच्या मागे एक लांबट शेड होती, तिथे देवरे सर मुलांना छऱ्याच्या बंदुकीने नेमबाजी शिकवायचे. मयुरी मैत्रिणीबरोबर बघायला म्हणून गेली आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी नानांना बोलावून घेतलं. "हिचा हात हलत नाही," सर म्हणाले. "असा हात शिकवून येत नाही. हिला स्वतःची रायफल घ्या."

शेडमध्ये सगळ्या मुलांना मिळून दोनच बंदुका होत्या, आपला नंबर येईपर्यंत अंधार पडायचा. नवी घेणं नानांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण ते तसं कबूल करतील तर नाना कसले. "इकत कसाले? मी बांधस," ते म्हणाले.

एकवीरा देवीच्या यात्रेत फुगे फोडायचे स्टॉल लागतात. त्या फुगेवाल्यांकडच्या बंदुका दिवसभर शेकडो हातांतून जातात आणि यात्रा उठेपर्यंत निम्म्या मरतात. नानांनी तीन मेलेल्या बंदुका उचलल्या. एकीची नळी चांगली, दुसरीचा खटका, तिसरीचं बाकी सगळं. दस्ता त्यांनी स्वतः बाभळीच्या लाकडाचा केला, मयुरीच्या खांद्याला लावून लावून, ब्लाउज शिवताना माप घेतात तसं. रविवारी सकाळी मी दूध घेऊन परतायची तेव्हा बाप-लेक ओट्यावर बसलेले असायचे. ती खांद्याला लावायची, तो म्हणायचा "कसं?", ती म्हणायची "थोडं टोचतंय", की परत कानस. इतकं सुख मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर गिरणीत कधी पाहिलं नव्हतं.

छऱ्याच्या असल्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे त्यांना दहाजणांनी सांगितलं. तरी ती बांधून झाल्यावर वहिनींच्या जुन्या साडीत गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून ते पोलीस ठाण्यात घेऊन गेले. गल्लीत बातमी पसरली की भटू नानांना धरून नेलं. प्रत्यक्षात ठाण्याच्या मागच्या अंगणात हवालदारांनी कुंडीवर काड्यापेटी उभी करून एकेकाने नेम धरून बघितला होता आणि एकालाही ती पाडता आली नव्हती. शेवटी नानांनी घरून मयुरीला बोलावलं. तिने पहिल्याच छऱ्यात काड्यापेटी उडवली. परत येताना नाना गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबले आणि प्रत्येक दारात काड्यापेटी आणखी लांब गेली.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मयुरी पहिली आली. यात्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीवर! देवरे सर सगळ्यांना ती बंदूक दाखवत होते. पुढची पायरी राज्य पातळीच्या निवडीची. ती पार केली असती तर तिचं शिक्षण, राहणं, सगळं मार्गी लागलं असतं. तसं सरांनी समजावून सांगितलं होतं. नानांनी लगेच आपल्या नियमाप्रमाणे बंदुकीच्या प्रत्येक भागाचा जोडीदार तयार करायला घेतला. फळीवर आणखी डबे वाढले.

आणि मग छर्रे बाजूला जायला लागले.

आधी थोडेसे. मध्यावर जाणारे छर्रे डावीकडे सरकले. नानांनी माशी तपासली. नळीच्या टोकावर नेम धरायला जो छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. ती नवीन बसवली. दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. मग स्प्रिंग बदलली. मग आतलं कातड्याचं वॉशर. प्रत्येक वेळी एकच भाग, मग मयुरीचा सराव, मग कागदावरची भोकं उन्हाला धरून बघणं, जुना भाग परत जागेवर आणि मग पुढचा. घाईत त्यांनी कधी काही केलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली.

त्या दिवसांत मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. मयुरी ओट्यावर डोळे चोळत बसली होती. ती नानांना म्हणाली, "नाना, माशी धुयकट दिसस."

"धुयकट?" नाना एकदम खूश झाले. "मंग तिन्हावर चमक यी ऱ्हायनी व्हई. काया रंग देनं पडी." आणि लगेच काळा रंग आणायला उठले. पोर आपल्याला दुखणं सांगते आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना वाटलं, बंदुकीची आणखी एक खूण हाती लागली.

देवरे सरांना आधी शंका आली. ते घरी आले, मी तेव्हा वहिनींकडेच बसले होते. सर चांगल्या शब्दांत म्हणाले, "नाना, बंदुकीचं पुष्कळ झालं. मुलीकडे पण बघा. तिचं काहीतरी बिनसलंय."

नाना ताडकन उठले. "सर, पोरनं नाव घेवानं नही! सोपं पडस ना, पोरनं नाव घेनं? तुम्ही बी त्या सुपरवायझरना भाऊ निघनात. आखो खटका बाकी शे, नळी बाकी शे. बठ्ठं व्हऊ द्या, मंग बोला."

सर चहा न घेता गेले. दाराआड मयुरी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसला. बाप आपल्यासाठी भांडला याचा अभिमान. तो चेहरा आठवला की मला हातातलं काम सुचत नाही.

राज्याची निवड झाली त्यात ती कुठेच नव्हती. नाना म्हणाले, नळी. नवी नळी मिळवायला ते भुसावळपर्यंत हिंडले. ती बसवायच्या आतच मयुरीला रिक्षाचा धक्का लागला. रस्ता ओलांडत होती, रिक्षा उजवीकडून आली, हॉर्न वाजवत आली, आणि हिला ती दिसलीच नाही. लागलं फारसं नव्हतं, हाताला खरचटलं होतं. पण मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या बाजूला हात धरून विचारलं, हे दिसतंय का, आणि ती म्हणाली, "काय?"

डोळ्यात दाब वाढत गेला होता. दुखत नाही, खुपत नाही, आतली दृष्टीची शीर मात्र हळूहळू वाळत जाते. उजवा डोळा गेला होता. डावा अर्धा उरला होता आणि तो टिकेल अशी खात्री मोठ्या दवाखान्यातले डॉक्टरही देत नव्हते. थेंब घालत राहायचे, शस्त्रक्रिया करून दाब उतरवायचा, आणि आहे ते तरी राहावं म्हणून वाट बघायची. गेलेलं परत येत नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण नानांना पहिल्यांदा कळलंच नाही.

मी त्यांच्याबरोबर होते. नाना डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, शीर दुसरी बसाडता येस ना? मनी काढी ल्या. मना दोन्ही डोया चांगला शेतस." आणि चष्मा काढून ते खरंच पुढे वाकले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. डोळ्याचं बुबुळ बदलता येतं, ही शीर नाही बदलता येत. जगात कुठेच नाही.

"आधी ऊनू असतू तर?" नानांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आता त्याचा विचार करू नका." सांगायचं ते त्यातच आलं.

मला वाटलं होतं, घरी आल्यावर नाना त्या बंदुकीचे तुकडे करतील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी ती परत उघडली. नवी नळी बसवली, काढली, जुनी बसवली. गिरणीत रजा टाकून दिवसचे दिवस ओट्यावर तेच. वहिनी रडून थकल्या. मी एकदा चिडून म्हणाले, "नाना, आता कशासाठी?" ते वर न बघता म्हणाले, "खोट सापडू द्या, ताई. थोडी तरी सापडू द्या." तेव्हा मला उमगलं. बंदुकीत काहीतरी खोट निघावी अशी त्यांची इच्छा होती. थोडी जरी निघाली असती, तरी तेवढे महिने अगदीच फुकट गेले नाहीत असं त्यांना म्हणता आलं असतं.

शेवटी ते बंदूक घेऊन शेडमध्ये गेले. मला सोबत यायला सांगितलं. एकट्याने सरांसमोर जायची हिंमत नव्हती त्यांची. सरांनी बंदूक घेतली, उभं राहून कागदावर एकामागून एक छर्रे मारले आणि कागद आणून नानांच्या हातात दिला. मधोमध एकच भोक होतं, जरा रुंद झालेलं. सगळे छर्रे त्यातून गेले होते.

नानांनी तो कागद उन्हाला धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "हिनामा काहीच खोट नही शे, ताई." आणि तिथेच जमिनीवर बसले. "मी हाई बंदूक इतला डाव उघाडी. पोरना डोयामा एक डाव दखं नही." ते रडले. मोठ्याने, तोंडावर हात न घेता. शेडमधली मुलं बंदुका खाली ठेवून बघत राहिली. मी आणि सरांनी त्यांना धरून उठवलं.

मयुरी मात्र मला त्याहून वाईट एक गोष्ट सांगून गेली. एका दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवत होते. मध्येच ती म्हणाली, "आत्या, मला माहीत होतं. बंदूक बरोबर होती. सरांच्या बंदुकीवर पण मला धुरकटच दिसायचं."

"मग बोलली का नाहीस गं?" माझा आवाज चढला.

"नाना एवढे म्हणायचे ना, पोरीचं नाव घेऊ नका. प्रत्येक भाग बदलला की कसे बघायचे माझ्याकडे. मला वाटायचं, पुढच्या वेळेला होईल बरोबर. आणि डोळ्याचं निघालं असतं तर सरांनी खेळणं बंद केलं असतं." मग ती म्हणाली, "हे नानांना नका सांगू. त्यांना वाटू दे, मला पण कळलं नव्हतं."

मी सांगितलं नाही. हे सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? दोघांनीही एकमेकांवर जीव टाकला आणि त्या मायेपायी डोळा गेला. याला न्याय म्हणतात का, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पुढे गिरणी बंद पडली. आम्ही सगळे पांगलो. मी मुलाकडे जळगावला आले. नानांचा फोन आधी यायचा, नंतर यायचा बंद झाला. धुळ्याहून कुणी आलं की कळायचं, मयुरीच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दवाखान्याच्या खेपा चालू आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला म्हणून धुळ्याला गेले आणि बसस्टँडवर ते दोघे दिसले. दवाखान्यातूनच परत येत होते. नाना वाळून अर्धे झाले होते, शर्टाचे खिसे रिकामे, चपटे. मयुरीने साधा पिवळा ड्रेस घातला होता, गडद काचांचा चष्मा होता, आणि नानांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. मला बघून ते क्षणभर जुन्यासारखे हसले.

"मयुरी, कोन शे वयख बरं!"

मी बोलायच्या आतच ती म्हणाली, "आत्या." मी येताना नानांना हाक मारली होती, आवाजावरून ओळखलं असणार. नाना मला म्हणाले, "दखा, वयखं ना? डॉक्टर म्हने, डाबा डोया टिकेल शे. बरोबर दिसस तिले. थांबा, तुम्हना समोर दखाडस."

त्यांनी तिचं मनगट सोडलं, तिच्यापासून एक पाऊल मागे गेले आणि उन्हात हात वर केला. दोन बोटं.

"किती शेतस, बेटा?"

मयुरीने चष्मा काढला. मान जराशी वाकडी करून ती त्या हाताकडे बघत राहिली. मागून दोंडाईच्याची बस लागली, माणसं धावली, कुणाच्या पिशवीचा धक्का तिला लागला तरी ती हलली नाही.

"तीन," ती म्हणाली.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक सदोष वॉशर पास केला नव्हता, त्याने माझ्याकडे बघितलं. मी बोलू नये म्हणून त्यांचे डोळे माझ्यापुढे हात जोडत होते.

"बरोबर," नाना म्हणाले. "एकदम बरोबर शे." मग त्यांनी तिचं मनगट परत धरलं आणि तिला घेऊन ते रिक्षाच्या रांगेकडे गेले.